टिनाच्या खोलीचं निमित्त

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, ज्यांच्यासोबत तीस वर्षं तिकिटं जमवली त्या अमरावतीच्या मित्रांनाही नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

गोष्ट ऐकायला फालतू आहे. पोस्टाच्या तिकिटांची आहे. त्यात कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बसलं नाही. मग अकोल्याच्या गाडीत बसलो की मूर्तिजापूर गेल्यापासून मला परत फिरावंसं का वाटतं? नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी स्वतःला हेच विचारतो आणि स्वतःवरच चिडतो. तिकिटं ती, कागदाचे तुकडे, त्यांचं एवढं काय — असं म्हणून बघितलं. नाही जमत.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. बाटल्या, नळ्या, द्रावणं यांच्यात नोकरी गेली. त्यामुळे नात्यागोत्यात माझं एक नाव झालं होतं. साडीवरचा डाग निघत नाही? विनूला विचारा. कुलूप गंजलं? विनूला विचारा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, जरा जास्तच आवडायचं.

माझी मोठी बहीण निर्मला. तिला मी बाई म्हणतो. आमचं गाव चांदूर रेल्वे. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि बाई पंधराची, नववीत. तिची शाळा तिथंच सुटली. माझी वेणीफणी नव्हती करायची, पण बाकी सगळं तिनं केलं — अंघोळ, डबा, गृहपाठ, तापात उशाशी बसणं. पुढं ती अकोल्याला दिली. भाऊजी गणिताचे शिक्षक, आधी तेल्हाऱ्याला आणि मग अकोल्यात. त्यांना सगळेच सर म्हणायचे. बाई-भाऊजींना मूल झालं नाही. त्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे.

भाऊजींनाही तिकिटांचा नाद होता, पण माझ्यासारखा नाही. मी देश बघतो, साल बघतो, छपाई बघतो. त्यांचं वेगळंच होतं. शिकवलेलं एखादं पोर परदेशात निघालं आणि पाया पडायला आलं, की ते एकच मागायचे. पोचलास की एक पत्र टाक, तिकीट लावून. मेल नको, फोन नको. पोरं टाकायची. एकदाच टाकायची, दुसऱ्यांदा कोण लिहितं आजकाल? पण एकदा टाकायची. अशी त्रेसष्ट तिकिटं जमली होती. प्रत्येकाखाली भाऊजींनी पेन्सिलीनं नाव आणि दहावीचं साल लिहिलेलं. बाकी काही नाही.

आता इथं थोडं तिकिटांचं सांगावं लागेल, नाहीतर माझं काय चुकलं ते कळायचं नाही. जुनी तिकिटं सरळ स्वभावाची. पाठीला गोंद असतो. पाकिटाचा तुकडा कोमट पाण्यात सोडला की पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपणहून सुटतं. टीपकागदावर वाळवायचं, जाड पुस्तकात दाबायचं, झालं. पण परदेशात आता बहुतेक स्टिकरसारखी तिकिटं असतात. सोला आणि चिकटवा. लावणाऱ्याची सोय, जमवणाऱ्याचं डोकं खराब. त्यांचा चिकटा रबरासारखा, पाण्याला दाद देत नाही. तासन्‌तास भिजवा, पाकिटाचा लगदा होईल पण तिकीट सुटणार नाही. ओढलं तर फाटतं. काहींवर तर मुद्दाम बारीक चिरा पाडलेल्या असतात, ओढणाऱ्याच्या हातात तुकडेच यावेत म्हणून. काय काय शिव्या घातल्या असतील मी त्या तिकिटांना!

यावर शहाण्या माणसाचा उपाय साधा आहे. काढूच नका. भोवती थोडी जागा सोडून पाकिटाच्या कागदासकट कापा आणि तसंच ठेवा. भाऊजी तेच करायचे. पट्टी लावून, चारही बाजूंनी सारखं माप. त्या कागदावर शिक्क्याचा उरलेला भाग यायचा, कधी पोराच्या अक्षरातलं ‘अकोला’ यायचं, कधी नुसतं ‘सर’.

मला ते गबाळं वाटायचं.

नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही हौशी लोकांनी अमरावतीत तिकिटांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मी भाऊजींना म्हटलं, तुमची तिकिटं मांडू. त्यांना आनंद झाला, दिसला तो. पण मी पुढं म्हटलं, हे असे कागदासकट तुकडे लावले तर लोक हसतील; मी काढून देतो, माझ्याजवळ द्रावण आहे. ते म्हणाले, राहू दे, कागदासकटच बरी आहेत. मी सोडलं नाही. जेव्हा गेलो तेव्हा तेच. फोनवर तेच. शेवटी एक दिवस त्यांनी तिकिटांचं पुस्तक माझ्या हातात दिलं.

"तुले येते न हे?" म्हणाले. "मंग कर. पण सांभाळून कर बापा."

कॉलेजातून एक बाटली आणली होती, पेट्रोलसारखं उडून जाणारं द्रावण. तिकिटाच्या मागून कागदावर दोन थेंब सोडायचे, थांबायचं, आणि चिमट्यानं कोपरा उचलायचा. पहिलं तिकीट असं अलगद सुटलं की मी बायकोला हाक मारून दाखवलं. खरी मेहनत मात्र त्यानंतर असते. कागद सुटतो, पण पाठीवरचा चिकटा पूर्ण जात नाही. तो परत द्रावणानं पुसायचा, तिकीट पुरतं वाळू द्यायचं, मग पाठीला टाल्कम पावडर चोळायची. दुसऱ्या दिवशी बोटाची मागची बाजू लावून बघायची. जराही ओढल्यासारखं वाटलं की परत पावडर, परत एक दिवस. तीनदा तरी. त्याआधी तिकीट पुस्तकात घालायचं नाही, आणि वर वजन तर मुळीच ठेवायचं नाही. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं.

पहिली दहा-बारा तिकिटं मी नीट केली. मग कंटाळलो. प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं. घरातला पावडरचा डबा संपला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे. पायात चप्पल घालून पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी गेलो नाही. का नाही गेलो? काही कारण नाही. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, तब्येत बरी होती. उरलेल्या पन्नास तिकिटांवर डब्याच्या तळाची पावडर फुंकल्यासारखी केली आणि पुस्तकाच्या पानांवरच्या पारदर्शक पट्ट्यांत सरकवली. कडा उचलल्या होत्या म्हणून वर दोन जाड शब्दकोश ठेवले. पाकिटांचे तुकडे — ती अक्षरं, ते ‘सर’ — कचऱ्याच्या डब्यात टाकले.

प्रदर्शन छान झालं. पानं देखणी दिसत होती. लोक भाऊजींना पोरांबद्दल विचारत होते आणि मला तिकिटांबद्दल. एकानं विचारलं, स्टिकरची इतकी स्वच्छ कशी काढली हो? मी चार लोकांत उभा राहून रीत समजावली, पावडरीसकट. परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर भाऊजींनी पुस्तक छातीशी धरून मला विचारलं, पावडर नीट लावली न?

मी म्हणालो, तीनदा.

हे पहिलं खोटं. त्यांनी कागदाच्या तुकड्यांबद्दलही विचारलं होतं. टाकले म्हटल्यावर नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि रुळांकडं बघत राहिले.

मार्च गेला, एप्रिल गेला. आपल्याकडचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, त्यातही अकोला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी माझं स्वतःचं पुस्तक काढलं. भाऊजींच्या तिकिटांसोबत, त्याच शेवटच्या दिवसांत, तशीच घाईघाईनं मी माझीही आठ-नऊ स्टिकरची तिकिटं काढली होती. ती माझ्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीतल्या कपाटात होती. आमच्या घरातली सगळ्यात थंड जागा, तिथं आम्ही माठ ठेवतो. पट्टीतलं तिकीट चिमट्यानं धरलं, तर ते पानासकट वर आलं. दुसरं आलं ते अर्धंच. चित्राचा पापुद्रा चिमट्यात आणि पाठ पानाला. सगळ्यांवर तेलकट पिवळे डाग उमटलेले.

थंड खोलीत. म्हणजे उन्हाळ्याचा प्रश्नच नव्हता. मला त्या मिनिटाला कळलं की अकोल्यात काय झालं असेल.

फोन करायला हवा होता, नाही का? आठ दिवस केला नाही. नवव्या दिवशी बाईचाच आला. म्हणाली, तुझे भाऊजी सकाळपासून बोलून नाही राहिले, ये बरं.

गेलो. घरात चुन्याचा ताजा वास होता. मे महिन्यात त्यांनी घराला पुताई करून घेतली होती. भाऊजी टेबलाशी बसले होते, पुढ्यात पुस्तक उघडं. त्यांनी मला काही विचारलं नाही, पान फक्त माझ्याकडं वळवलं. तेच पिवळे डाग. काही तिकिटं एकमेकांना डसलेली, काहींचा पापुद्रा त्यांनी सोडवायला गेल्यावर निघालेला. खाली पेन्सिलीची नावं मात्र जशीच्या तशी.

आता बघा, माझ्याकडं एक वाक्य होतं. भाऊजी, पावडर मी लावली नाही, माझ्याकडचीही तशीच झाली. एवढंच. ते गाडीत मी म्हणून पाहिलं होतं. आणि तोंडातून काय निघालं? मी विचारलं, उन्हाळ्यात पुस्तक कुठं होतं?

मी हे का विचारलं ते मला माहीत आहे. जागा शोधत होतो. माझं ओझं उतरवायला कुठं जागा मिळते ते बघत होतो.

स्वयंपाकघराच्या दारातून बाई म्हणाली, "मीच ठेवलं होतं वरच्या टिनाच्या खोलीत. खाली पुताई होती न, म्हटलं चुन्याचा डाग पडीन. आठ-दहा दिवस होतं तिथं." मग थोडं थांबून, "काहून रे विनू? तिथं नव्हतं ठेवा लागत काय?"

मी म्हणालो, "मंग बरोबर. टिनाखाली चिकटा वितळला."

एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. पाच मिनिटं समजावून सांगितलं. टिनाच्या पत्र्याखाली किती तापतं, चिकटा कसा पातळ होतो, थंड झाल्यावर परत कसा धरतो. प्रयोगशाळेतल्या आवाजात. ‘विनूला विचारा’च्या आवाजात.

भाऊजी आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी बाईकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुले एक डाव विचारता नाही आलं?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग आत गेली आणि माझ्यासाठी पोहे घेऊन आली. मी ते खाल्ले.

ती कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती हो. कापूस घेणाऱ्या दलालाशी भर रस्त्यात भांडलेली आहे ती. भाऊजींच्या शाळेतल्या एका मुख्याध्यापकाला घरी येऊन बसल्यावर तोंडावर सुनावलेली आहे. पण इथं तिला वाटलं की चूक तिचीच. कारण ठेवलं तर तिनंच होतं. माझं खोटं तिच्या खऱ्यावर इतकं चपखल बसलं की तिला शंका घ्यायला जागाच उरली नाही.

त्यानंतर भाऊजींनी कपाटाला कुलूप लावलं. किल्ली सदऱ्याच्या खिशात. टेबल ते स्वतः पुसू लागले. बाई फडकं घेऊन आली की हातानंच थांबवायचे, शब्द नाही. चाळीस वर्षांवरचा संसार, आणि तिला आपल्याच घरात चार हात जागा परकी झाली. हे मी दर महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन बघत होतो.

पुस्तक मी दुरुस्तीसाठी अमरावतीला नेलं. दोन महिने झटलो. कुणी सांगितलं फ्रीजरमध्ये ठेवा, चिकटा कडक होईल. ठेवलं, कागद ओला होऊन वळला. वाफ दिली, रंग फिकटले. द्रावण घातलं, शिक्क्याची शाई पसरली. दर रविवारी टेबलाशी बसायचो आणि दर रविवारी एखादं तिकीट आणखी मरायचं. बायको म्हणायची, किती करता हो भाऊजींसाठी, जेवून तर घ्या. मी तिच्यावर ओरडायचो. शेवटी त्रेसष्टातली अकरा वाचली. तीच, ज्यांना मी नीट पावडर लावली होती.

आणि बाई? मी गेलो की दर वेळी तेच. माझ्याच हातानं झालं रे. मला विचारायला पाहिजे होतं रे. मला ते ऐकवत नसे. एकदा मी इतका वैतागलो की तिलाच बोललो, बाई, झालं ते झालं, आता पुरे कर न हे रडगाणं! ती उठून आत गेली. आणि नंतर शेजारणीला सांगत होती, माझा भाऊ लय मोठ्या मनाचा, त्याची एवढी मेहनत मी वाया घालवली पण त्यानं एका शब्दानं दोष नाही दिला, उलट विसर म्हणतो. मी बाजूच्या खोलीत पडलो होतो. सगळं ऐकलं.

सांगायचा प्रयत्न केला का? एकदा केला. अकोला स्टेशनवर बाई मला सोडायला आली होती, हातात कुरड्यांची पिशवी. मी म्हणालो, बाई, ते तिकिटांचं... ती म्हणाली, तू नको मनाला लावून घेऊस. गाडी उशिरा होती. पाऊण तास आम्ही त्या बाकावर बसलो. वेळ नव्हता असं म्हणायलाही जागा नाही. मी तिला विचारलं, पाण्याची बाटली आणू काय. पाऊण तासात मी एवढंच बोललो.

नंतर काय झालं ते ऐका. बाईनं कुणाला न सांगता एक काम सुरू केलं. भाऊजी दुपारी झोपायचे, तेव्हा ती त्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आई-बापांच्या घरी जाऊ लागली. अकोल्यात पायी, तेल्हाऱ्याला एसटीनं, एकदा पातूरलाही गेली. पत्ते मिळवले. जिथं नव्हते तिथं आई-बापांना फोन लावायला सांगितले. आणि नववीत सुटलेल्या शाळेच्या त्या गोल-गोल अक्षरात परदेशी पत्रं लिहिली. तुमच्या सरांची तिकिटं माझ्या हातून नासली, कृपा करून परत एक पत्र पाठवा. एकेक पत्र. गुडघ्याचं दुखणं घेऊन.

पत्रं आली. पण निम्म्यांवर तिकीटच नव्हतं. आता तिकडच्या पोस्टात छापील पट्टी लावून देतात, काळ्या रेघांची. बाईनं ती पाकिटं मला दाखवली तेव्हा तिचा चेहरा — जाऊ द्या. तिनं परत लिहिलं. तिकीट मागून घ्या, चित्राचं. दोन वर्षं हे चाललं. सोळा पाकिटं जमली. तिनं ती एका मिठाईच्या खोक्यात घालून माझ्याकडं आणली, अमरावतीला, एकटी.

"तुझ्या भाऊजीले पंच्याहत्तर पूर्ण होतील दिवाळीनंतर," म्हणाली. "तवा देऊ. तू तयार करून दे विनू. तुलेच येते. मी हात नाही लावत."

मी तयार करून दिली. एकही सोडवलं नाही. पाकिटाच्या कागदासकट कापली, पट्टी लावून, चारही बाजूंनी सारखी, भाऊजी कापायचे तशी. कुठं चिकटा उघडा होता तिथं पावडर लावली. पानांच्या मध्ये मेणकागद घातला. सगळं नीट केलं. नीट करता येतच होतं मला. पण सगळा वेळ मी रागात होतो. कुणावरचा राग म्हणून विचारू नका.

पंच्याहत्तरीला तीस-चाळीस माणसं होती. भाऊजींनी पुस्तक उघडलं, भिंग आणायला सांगितलं, एकेक पान बघितलं. फार वेळ बघितलं. नावं मोठ्यानं वाचली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले की विनूच्या हातात कसब आहे. बाईनं पुस्तक उचलायला हात पुढं केला, पाणी सांडेल म्हणून.

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "कपाटात मीच ठेवतो."

कुणाला त्यात काही वाटलं नाही. बाई हसली, हात मागं घेतला आणि लोकांना चहा विचारायला गेली. ती पत्रं कुणी मागवली, कोण कुठं कुठं फिरलं, हे तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. मलाही सांगू दिलं नव्हतं. हे मी पाळलं. यातही मी सोयीचंच पाळलं.

भाऊजी गेल्या पौषात गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. तेरवीला खूप माणसं आली. विद्यार्थीही बरेच आले होते. त्यात एक जण परदेशातून सुट्टीवर आलेला. केस पांढरे झालेले, पण बाईच्या लेखी पोरच. भाऊजींच्या पुस्तकात पहिल्या पानावर ज्याचं नाव, तोच. जेवणाच्या पंगती उठल्या होत्या. मी बाजूला उभा होतो. बाई त्याच्यापुढं गेली आणि तिनं हात जोडले.

"तुमी पोरायनं सरायले इतक्या मायेनं तिकिटं धाडली होती," म्हणाली. "माह्या हातानं नासली. टिनाच्या खोलीत ठेवली मी. त्यायनं कधी बोलून नाही दाखवलं, पण जाईपर्यंत त्यायचं मन साफ नाही झालं माह्याबद्दल. मले माफ करजा."

तो बिचारा ओशाळला. काकू, काहीतरीच काय, असं म्हणत त्यानं तिचे हात खाली केले. आजूबाजूच्या बायकांनी तिला धरलं, बसवलं. तो माझ्याकडं वळला. भाऊजींनी त्याला कधीतरी सांगितलं असावं, की तिकिटांतलं मला कळतं.

"मामा," त्यानं हळूच विचारलं, "खरंच होतं का असं? फक्त उष्णतेनं?"

भाऊजी नव्हते आता. रागावणारं कुणी उरलं नव्हतं. पावडरचा डबा, पहिलं खोटं, दुसरं खोटं — सांगून टाकलं असतं तरी काही मोडणार नव्हतं. एक बाई मोकळी झाली असती फक्त. ती दोन हातांच्या अंतरावर बसली होती आणि माझ्याकडंच बघत होती. मी काय म्हणतो ते ऐकायला.

मी म्हणालो, "होतं."

बाईनं मान हलवली, जसं काही एका तज्ज्ञानं तिच्या समोर निकाल दिला आणि तो तिला मान्य आहे.

ती आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. अकोल्याच्या त्या घरात एकटी राहते. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. जेवला काय, बीपीची गोळी घेतली काय. या रविवारीही आला होता. घेतली, म्हणालो. तिनंही घेतली होती.